शेंद्र्याच्या दोन मोटारी

परभणीहून पूर्णेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळांत पिंगळी स्टेशनावर येते. भोंवतीं काळी जमीन, कापूस आणि तूर, आणि पावसाळ्यांत पाय रुतविणारा चिखल. याच लोहमार्गानें उलट दिशेस गेल्यास सेलू, परतूर, जालना हीं गांवें मागें टाकून गाडी छत्रपति संभाजीनगरास पोहोंचते. आणि त्या शहराच्या अलीकडे, जालन्याच्या रस्त्यावर, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहत आहे. तेव्हां पिंगळीच्या मनुष्यास मोटारीच्या कारखान्याचा विचार करावयाचा झाला तर मनानें जर्मनीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाहीं. युरोपांत नांवाजलेल्या दोन मोटारी कित्येक वर्षें त्याच्याच मराठवाड्यांत, एकाच आवारांत जोडल्या जात होत्या. एक स्कोडा कंपनीची सुपर्ब, आणि दुसरी ऑडी कंपनीची ए-४.

मोटारींच्या शौकिनांत एक वाद फार दिवसांचा आहे. सामान्य गिऱ्हाइकासाठीं मोटारी बनविणाऱ्या कंपनीनें एखादी ऐषआरामी सेडान बाजारांत आणली, तर जन्मापासून ऐषआरामी म्हणविणाऱ्या कंपनीच्या मोटारीची बरोबरी ती करूं शकेल काय? एक पक्ष म्हणतो, मोटार ही वस्तु आहे. ती मोजावी आणि निर्णय द्यावा. दुसरा पक्ष म्हणतो, पैठणीची लांबी वारानें मोजतां येते, पण तिची किंमत वारावर ठरत नाहीं. बहुतेक वेळीं हा वाद हवेंतच राहतो. कारण ज्या दोन मोटारींची तुलना चाललेली असते त्या दोन देशांत, दोन निरनिराळ्या मालकांच्या हाताखालीं व दोन प्रकारच्या करांचा बोजा घेऊन तयार झालेल्या असतात. शेंद्र्याचें उदाहरण मोलाचें आहे तें एवढ्यासाठींच कीं, येथें पुष्कळशा गोष्टी दोहोंकडे सारख्या होत्या.

स्कोडा ही चेक कंपनी आणि ऑडी ही जर्मन. पण दोघींचा धनी एकच, फोक्सवॅगन. शेंद्रा येथें २००१ सालीं स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडण्यास आरंभ झाला, २००४ सालीं सुपर्ब भारतांत आली, आणि २००७ च्या अखेरीपासून ऑडीच्या गाड्याहि त्याच कारखान्यांत जोडल्या जाऊं लागल्या. मुख्य भाग परदेशांतून पेट्यांत भरून येत आणि येथील कामगार त्यांची मोटार उभी करीत. पूर्ण तयार झालेली मोटार बाहेरून आणली तर तिच्यावर जबर जकात बसते; सुटे भाग आणून येथें जोडले तर ती बरीच कमी होते. या जोडकामाचें मुख्य कारण हेंच. ही जकातीची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आंकडे पाहावे. मे २०२० मध्यें सुपर्बची सुधारलेली आवृत्ति बाजारांत आली. रस्त्याचा कर व विमा सोडून तिची दुकानांतील किंमत २९ लाख ९९ हजार रुपये होती. आणि लॉरिन-क्लेमेंट या नांवाच्या अधिक सजविलेल्या प्रकाराची ३२ लाख ९९ हजार. पुढें आठ महिन्यांनीं, जानेवारी २०२१ मध्यें, ऑडी ए-४ ची सुधारलेली आवृत्ति आली. तिचा आरंभच ४२ लाख ३४ हजारांपासून होता. म्हणजे पहिल्या सुपर्बपेक्षां सव्वाबारा लाखांहून अधिक, आणि सजविलेल्या सुपर्बपेक्षांहि नऊ लाखांहून अधिक. ज्या घरांत डॉक्टरी, वकिली किंवा बागाईत यांच्या जोरावर पहिल्यानेंच अशी मोटार यावयाची असते, त्या घराला ही रक्कम क्षुल्लक नाहीं. तेवढ्यांत मुलाचें उच्च शिक्षण होतें, किंवा शेतावर विहीर, पाईपलाईन व गोठा हीं सर्व कामें उरकून वर शिल्लक राहते.

एवढा अधिक पैसा मोजून अधिक काय मिळत होतें? एंजिनापुरतें बोलावयाचें तर कांहींच नाहीं. दोन्ही मोटारींत दोन लिटरचें पेट्रोल एंजिन. दोन्हींची शक्ति १९० अश्वशक्ति. दोन्हींचा टॉर्क, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, ३२० न्यूटन-मीटर. दोन्हींत सात गियरांची, दुहेरी क्लचची, आपोआप गियर बदलणारी पेटी. दोन्हींत पुढचीं चाकें गाडी ओढतात. यांत योगायोग कांहीं नाहीं. फोक्सवॅगनच्या घराण्यांत एंजिनाची एकच जात अनेक भावंडांना वांटून दिलेली आहे, आणि त्यांत चुकीचेंहि कांहीं नाहीं. चांगलें एंजिन एकदां तयार झालें म्हणजे त्याचा खर्च जितक्या अधिक गाड्यांवर पसरेल तितका बरा. इकडे कोणतीहि मोटार दारांत उभी राहिली कीं पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" हा असतो. चाळीस लाखांची मोटार घेणारा मनुष्यहि तो विचारतो, फक्त जरा हलक्या आवाजांत. त्या प्रश्नाच्या उत्तरांतहि या दोघींत सांगण्यासारखें अंतर असण्याचें कारण नाहीं.

जागेच्या बाबतींत मात्र अंतर आहे, आणि तें उलट्या बाजूनें आहे. स्वस्त मोटार मोठी आहे. सुपर्ब ही ए-४ पेक्षां सुमारें दहा सेंटिमीटर लांब. तिच्या डिकींत ६२५ लिटर सामान मावतें. ए-४ च्या डिकींत पांचशे लिटरहि मावत नाहीं. सुपर्बच्या डिकीचें झांकण मागच्या कांचेसकट वर उचललें जात असल्यामुळें मोठी पेटी तिरपी न करतां आंत सरकविता येते. मागच्या बैठकीवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढें इतकी मोकळी जागा राहते कीं, याहून वरच्या किंमतीच्या गाड्यांशीं तिची तुलना होत असे.

ही जागा आली कोठून, हें समजून घेण्यासारखें आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर पाहिलें तर सुपर्बचें २८४१ मिलिमीटर आणि ए-४ चें २८२०. फरक केवळ दोन बोटांचा. तेवढ्यानें माणसाचे पाय पसरत नाहींत. खरें कारण एंजिनाच्या मांडणींत आहे. सुपर्बमध्यें एंजिन आडवें बसविलेलें आहे, म्हणजे त्याची लांबी गाडीच्या रुंदीच्या दिशेनें जाते. ऑडींत तें उभें आहे, म्हणजे नाकापासून पाठीच्या दिशेनें. अरुंद खोलींत पलंग समोरच्या भिंतीशीं आडवा टाकला तर बाकीची खोली वावरावयास मोकळी राहते. तोच उभा टाकला तर पायथा खोलीच्या मध्यापर्यंत येतो. मोटारीचेंहि तसेंच. आडव्या एंजिनामुळें जी जागा वांचली ती स्कोडाच्या इंजिनियरांनीं मागच्या बैठकीस देऊन टाकली.

मग ऑडीवाले एंजिन उभें कां बसवितात? त्याला सबळ कारण आहे. एंजिन व गियरांची पेटी एका रेषेंत उभी असली म्हणजे त्याच रेषेंत सरळ एक दांडा मागच्या चाकांपर्यंत नेतां येतो, आणि चारहि चाकांना जोर देणें सुलभ होतें. ऑडीनें १९८० सालीं क्वात्रो या नांवानें ही चार चाकांना जोर देण्याची योजना प्रचारांत आणली आणि मोटारशर्यतींत तिच्या बळावर कीर्ति मिळविली. परंतु भारतांत विकली गेलेली ही ए-४ दोनच चाकांवर ओढली जाणारी होती. म्हणजे ज्या सोयीसाठीं उभी मांडणी पत्करली ती सोय गिऱ्हाइकाला मिळाली नाहीं. तिच्यामुळें कमी झालेली जागा मात्र त्याच्या वांट्यास आली. मोटारीच्या विक्रेत्यानें ही गोष्ट आपण होऊन सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं!

येथवर वाचून ऑडी घेणारे सगळे भोळे होते असें कोणी समजेल, तर तो अन्याय होईल. ऑडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला पांच दांड्यांचा आधार आहे. सुपर्बमध्यें पुढचें चाक मॅक्फर्सन पद्धतीच्या एका उभ्या खांबावर तोललेलें आहे. ही दुसरी पद्धत स्वस्त, सुटसुटीत व टिकाऊ असून जगांतील बहुतेक साध्या मोटारींत तीच असते. पण चाक खड्ड्यांत आदळलें असतां त्याची हालचाल पांच दांडे जितक्या नेमकेपणानें आवरतात, तितकी ती एका खांबाला आवरत नाहीं. हिसका थोडा तरी स्टिअरिंगच्या चक्रापर्यंत पोहोंचतो. स्वतः गाडी हांकणाऱ्यास हा भेद हातांना कळतो. तसेंच आंतील कामगत. दार लागतांना येणारा दबका आवाज, बटणें दाबतांना बोटास लागणारा सारखा प्रतिकार, जेथें सहसा हात जात नाहीं अशा कोपऱ्यांतहि केलेली सफाई, हीं सर्व खर्चाचीं कामें आहेत, आणि ऑडीनें तो खर्च केलेला असतो. सोनाराकडील दागिन्याच्या घडणावळीसारखें हें आहे. सोनें तेंच, पण घडणावळ निराळी.

तरीहि घडणावळ सोन्याच्या तृतीयांशाइतकी मागितली तर गृहिणी दुकानांतून उठतेच. पांच दांडे आणि मऊ बटणें यांचे सव्वाबारा लाख होत नाहींत. शिवाय या देशांत असली मोटार घेणारा पुष्कळदां स्वतः चक्रावर बसतच नाहीं. तो मागें बसतो आणि ड्रायव्हर हांकतो. तसें असेल तर नेमक्या स्टिअरिंगचा आनंद पगारी ड्रायव्हरास, आणि आंखडलेले गुडघे मालकास, अशी ही वांटणी होते. मागें बसणाऱ्यासाठीं सुपर्ब ही निःसंशय अधिक चांगली मोटार होती. चक्रावर बसणाऱ्यासाठीं ऑडी थोडी अधिक चांगली होती. उरलेला पैसा चार कड्यांच्या चिन्हाचा.

तें चिन्ह आलें कसें? ऑगस्ट हॉर्ख नांवाच्या जर्मन इंजिनियरानें स्वतःच्या नांवाची मोटार कंपनी काढली होती. भागीदारांशीं बेबनाव होऊन तो बाहेर पडला व १९०९ सालीं त्यानें दुसरी कंपनी काढली. पण स्वतःचेंच नांव वापरण्यास त्याला मनाई झाली. हॉर्ख या जर्मन शब्दाचा अर्थ "ऐक". तोच अर्थ लॅटिन भाषेंत "ऑडी" या शब्दाचा. श्रोत्यांसाठीं चाललेल्या व्याख्यानांत याहून समर्पक नांव सांपडणें कठीण! १९३२ सालीं चार कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांचीं चार कडीं एकांत एक गुंतलीं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर या घराण्यावर वाईट दिवस आले. इन्गोलस्टाट येथें नव्यानें संसार मांडून तें लहान, स्वस्त, दोन स्ट्रोकांच्या गाड्या बनवूं लागलें. पुढें तें डायम्लर-बेंझकडे गेलें, आणि डायम्लर-बेंझनें १९६४ पासून तें फोक्सवॅगनला विकण्यास आरंभ केला. म्हणजे आज ज्या मर्सिडीजशीं ऑडी स्पर्धा करते, त्या मर्सिडीजच्याच धन्यानें ती नको म्हणून देऊन टाकली होती. फोक्सवॅगनलाहि मुख्यतः कारखाना हवा होता; इन्गोलस्टाटला आपली बीटल जोडावयाची आणि ऑडीनें नवीन गाडी काढावयाची नाहीं, असा धन्याचा हुकूम होता. लुडविग क्राउस या इंजिनियरानें तो हुकूम मोडून गुप्तपणें एका नव्या मोटारीची तयारी केली. तीच १९६८ ची ऑडी १००. त्यानंतर १९८० ची क्वात्रो, १९८८ ची आठ सिलिंडरांची मोठी मोटार, १९९४ ची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ए-८, अशी एकेक पायरी चढत ऑडी मर्सिडीजच्या पंक्तीस जाऊन बसली. यांत जवळजवळ तीस वर्षें गेलीं.

आणि स्कोडा? व्हात्स्लाव लॉरिन व व्हात्स्लाव क्लेमेंट या दोघांनीं १८९५ सालीं बोहेमियांतील म्लादा बोलेस्लाव येथें सायकलींचा धंदा काढला. म्हणजे ऑडीच्या जन्माआधीं चौदा वर्षें. १९२५ सालीं तो प्ल्झेनच्या स्कोडा कारखान्यांत मिळाला. पुढल्याच वर्षीं स्कोडानें हिस्पानो-सुइझा ही त्या काळची अत्यंत उंची मोटार परवान्याखालीं बांधली, आणि तिची पहिली गाडी चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष मासारिक यांच्याकडे गेली. सुपर्ब हें नांवहि आजचें नव्हे. १९३४ पासून १९४९ पर्यंत स्कोडाची मोठी मोटार त्याच नांवानें निघत असे. महायुद्धानंतर कारखाना सरकारी झाला, स्वस्त गाड्यांचें युग आलें, आणि पश्चिम युरोपांत स्कोडा हा थट्टेचा विषय होऊन बसला. १९९१ सालीं फोक्सवॅगन आली. २००० सालच्या सुमारास इंग्लंडांत या कंपनीनें स्वतःच्याच नांवाची थट्टा करणाऱ्या जाहिराती देऊन गिऱ्हाइकें मिळविलीं, यावरून त्या नांवाची काय अवस्था झाली असावी याची कल्पना येईल. २००१ सालीं सुपर्ब हें नांव परत निघालें. त्या मोटारीच्या मागच्या दारांत छत्री ठेवावयाचा एक कोनाडा होता. दोन वर्षांनीं रोल्स-रॉइसची फॅन्टम आली, तिच्याहि दारांत छत्री होती. फॅन्टमच्या छत्रीचें जगभर कौतुक झालें. स्कोडाच्या छत्रीला लोक "युक्ति चांगली आहे" म्हणाले.

तेव्हां कुळाच्या दृष्टीनें पाहिलें तर स्कोडा ऑडीहून धाकटी नाहीं. धाकटेपणा आहे तो लोकांच्या आठवणींत. ऑडीला गमावलेली प्रतिष्ठा परत मिळविण्यास मोकळीं तीस वर्षें मिळालीं. स्कोडाला तीं मिळण्यासारखीं नाहींत. कारण ज्या घरांत ती आली त्या घरांत ऑडी आधींच थोरली होऊन बसली होती, आणि धाकटीनें थोरलीच्या अंगावरील शालू मागावयाचा नाहीं, अशी प्रत्येक घराची रीत असते.

स्वतः फोक्सवॅगनलाहि हा धडा मिळाला आहे. "लोकांची मोटार" असा ज्या नांवाचा अर्थ, त्या नांवानें तिनें २००२ सालीं फेटन ही अत्यंत उंची मोटार काढली. ड्रेस्डेन शहरांत कांचेच्या भिंतींचा खास कारखाना तिच्यासाठीं उभारला. तिचा पाया तोच, ज्यावर त्या वेळची बेंटली कंपनीची कॉन्टिनेन्टल उभी होती. जाणकारांनीं तिला नांवें ठेविलीं नाहींत. पण अमेरिकेंत २००६ सालीं ती मागें घ्यावी लागली आणि २०१६ सालीं तिचें उत्पादनच थांबलें. टोयोटानें याच्या उलट केलें. १९८९ सालीं तिनें आपली उंची मोटार बाजारांत आणली तेव्हां तिच्यावर टोयोटा हें नांव घातलेंच नाहीं. लेक्सस हें नवें नांव, नवें चिन्ह, नवीं दुकानें. ती चालली. गिऱ्हाइकाची समजूत बदलण्यापेक्षां त्याला कोरी पाटी देणें सोपें, हा व्यापारी हिशेब.

भारतांतहि दोन्ही प्रकारचीं उदाहरणें झालीं आहेत. १९८५ सालीं मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें स्टँडर्ड २००० ही त्या काळची ऐषआरामी मोटार काढली. बाहेरचें रूप इंग्लंडच्या रोव्हर गाडीचें, पण आंत कित्येक वर्षांपूर्वींच्या स्टँडर्ड गाडीचें जुनें एंजिन. ती थोड्याच वर्षांत नामशेष झाली, आणि तो निकाल न्याय्य होता. तेथें वस्तूच उणी होती. फेब्रुवारी २०११ मध्यें मारुति-सुझुकीनें जपानहून तयार आणलेली किझाशी विक्रीस ठेवली. ती हांकण्यास उत्तम होती, पण सोळा-सतरा लाखांच्या मोटारीवर गिऱ्हाइकाला आठशेवालीचेंच चिन्ह दिसूं लागलें. तीहि कांहीं वर्षांतच गेली. या निकालांत न्याय कमी आणि संवय अधिक.

चिन्हाचें वेड कसें असतें याचें सर्वांत ठळक उदाहरण खुद्द त्या शहरांतलें आहे. ऑक्टोबर २०१० मध्यें औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, व्यापारी, उद्योजक व व्यावसायिक मंडळींनीं एकत्र येऊन एकाच दिवशीं सुमारें दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. किंमत सुमारें ६५ कोटी रुपये. देशभर बातमी झाली. या मोटारींचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथें. आणि खरेदी करणाऱ्यांच्या गांवाला लागून असलेल्या शेंद्र्यांत सुपर्ब व ऑडी जोडल्या जात होत्या. "घरचें सोडून बाहेरचें आणलें" असें कोणी म्हणेल. परंतु त्या मंडळींचा एक उद्देश मागास म्हणून गणल्या गेलेल्या मराठवाड्यांतील आपल्या शहराकडे साऱ्या देशाचें लक्ष वेधावें हा होता. दीडशे सुपर्ब घेऊन तो साधला नसता. तीन टोकांच्या ताऱ्यानें तो एका दिवसांत साधला. म्हणजे चिन्ह हें निव्वळ पोकळ आहे, असा जो पहिल्या पक्षाचा दावा, तोहि टिकत नाहीं. चिन्ह काम करतें. तें मोटारीचें काम करीत नाहीं, एवढेंच. डॉक्टराला रोग्यांच्या विश्वासासाठीं किंवा कंत्राटदाराला बँकेच्या मॅनेजरासमोर त्या कामाची गरज असेल तर त्यानें त्याचे पैसे जरूर मोजावे. मात्र आपण मोटारीचे मोजीत आहों अशी स्वतःची समजूत करून घेऊं नये.

शहरांतील वाचकांस न सुचणारी एक बाजू पिंगळीकडून अधिक स्पष्ट दिसते. तेथें ऐषआराम म्हणजे गुडघ्यांपुढील जागा नव्हे आणि बटणांचा मऊपणाहि नव्हे. काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर उचलला जातो आणि फुटतो. सुपर्ब असो वा ए-४, दोन्हींची पोटें जमिनीस लागून आणि टायरांच्या कडा बारीक. खड्ड्यांत टायर फुटला तर त्या मापाचा दुसरा जवळपासच्या दुकानांत मिळेलच असें नाहीं. अधिकृत दुरुस्तीखान्यासाठीं मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि तोंपर्यंत मोटार ताडपत्रीखालीं उभी राहते. या कसोटीवर दोन्ही मोटारी सारख्याच नापास होतात. तीस लाख खर्चणारे ग्रामीण भागांतील बागाईतदार उंच बांध्याच्या गाड्यांकडे वळले ते हौसेनें नव्हे, रस्त्यानें वळविले म्हणून. स्कोडानेंहि २०१७ सालीं कोडियॅक ही उंच मोटार शेंद्र्यांतच जोडण्यास घेतली. मांडणीनें ती सुपर्बचीच बहीण, तरी तिची आरंभींची किंमत सुपर्बहून बरीच अधिक होती, आणि तिच्या बाबतींत "स्कोडा असून एवढी किंमत?" हा प्रश्न सुपर्बच्या वेळीं निघे तितक्या जोरानें निघाला नाहीं. उंचीनेंहि चिन्हाची उणीव थोडीफार भरून निघते असें दिसतें!

सुपर्बचा शेवट मात्र चिन्हानेंहि केला नाहीं आणि खड्ड्यांनींहि नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून धुराविषयींचे अधिक कडक नियम लागू झाले. थोड्या विक्रीच्या मोटारीसाठीं नवा खर्च करणें कंपनीस परवडेना, आणि शेंद्र्यांतील सुपर्बचें जोडकाम थांबलें. समूहाचें लक्ष त्यापूर्वींच चाकण येथें बनणाऱ्या कुशाक व स्लाव्हिया या लहान गाड्यांकडे वळलेलें होतें. पुढें एप्रिल २०२४ मध्यें सुपर्ब परत आली, परंतु या वेळीं ती पेट्यांतून नव्हे, तर पूर्ण तयार होऊन परदेशांतून आली. केवळ शंभर गाड्या. एंजिन तेंच दोन लिटरचें, शक्ति तीच १९० अश्वशक्ति, मागच्या बैठकीवरील जागा तीच, चिन्हहि तेंच. किंमत ५४ लाख. ए-४ तेव्हांहि शेंद्र्यांत जोडली जात होती, आणि तिची आरंभींची किंमत या सुपर्बहून कित्येक लाखांनीं कमी होती.